संचातला तिसरा गडी : सुपरहिरोपटांच्या अ‍ॅक्शन फिगर्स आणि मल्टिपॅक

सुपरहिरोपटांतील पात्रांच्या अ‍ॅक्शन फिगर्स, म्हणजे सांध्यांत वाकणाऱ्या आणि हवी ती मुद्रा घेऊन उभ्या राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या मूर्ती, जमवणाऱ्यांमध्ये मल्टिपॅककडे बहुधा दुय्यम वस्तू म्हणून पाहिले जाते. दोन, तीन किंवा अधिक फिगर्स एकाच खोक्यात घालून एकाच किमतीला विकलेला संच म्हणजे मल्टिपॅक. त्यातील एक फिगर संग्राहकाकडे आधीच असते, दुसरी त्याला फारशी नको असते आणि जिच्यासाठी तो खोका घेतो ती नेमकी सुटी मिळत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु नायकाचा अंगरक्षक, त्याचा जुना सहकारी किंवा दोन प्रसंगांपुरता दिसणारा विदूषकी राजा अशा पात्रांना प्लॅस्टिकचा देह मिळण्याची वाट अनेकदा याच खोक्यातून गेली आहे. त्यामुळे या छंदाचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल, तर सुट्या नायकांपेक्षा संचांकडे अधिक बारकाईने पाहणे उपयोगी ठरते.

या खेळण्यांची परंपरा फार जुनी नाही. अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे बारा इंची सैनिक बाजारात आणला आणि मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या धास्तीने त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणवले. त्यानंतर मेगो या कंपनीने १९७२ पासून आठ इंची सुपरहिरोंची मालिका काढली. तिच्यात जवळजवळ सर्व पात्रांना एकच सांगाडा वापरून केवळ डोके आणि कापडी पोशाख बदलला जाई. साच्यावरचा खर्च अनेक पात्रांत वाटून घेण्याची ही युक्ती पुढच्या साऱ्या उद्योगाने उचलली आणि आजचे मल्टिपॅकही तिच्याच आधारावर उभे आहेत. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटासाठी मेगोने बारा इंची सुपरमॅनबरोबर त्याचे वडील जोर-एल, खलनायक लेक्स ल्यूथर आणि जनरल झॉड यांनाही स्थान दिले, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने उदार म्हटली पाहिजे. मात्र ‘स्टार वॉर्स’चे हक्क मेगोने नाकारले होते आणि ते केनर या कंपनीकडे गेले. १९७७ च्या नाताळापर्यंत फिगर्स तयार होणार नाहीत हे दिसताच केनरने एक पाकीटवजा संच विकला. त्यात खेळणे नव्हतेच, होते ते पुढील वर्षी चार फिगर्स घरपोच मिळण्याचे प्रमाणपत्र. तो चित्रपट सुपरहिरोंचा नसला, तरी पडद्यावरील पात्रांचा गट एकत्र विकत घेण्याची सवय ग्राहकाला लावण्यात या प्रयोगाचा वाटा आहे. केनरच्या फिगर्स पावणेचार इंची होत्या, आणि आकार लहान झाल्यामुळे पात्रांची संख्या वाढवणे परवडू लागले.

टिम बर्टन यांच्या १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी टॉय बिझ या कंपनीने बॅटमॅन आणि जोकर यांच्या जोडीला जोकरचा हस्तक बॉब यालाही फिगर म्हणून काढले. कॉमिकमध्ये मुळे नसलेल्या, केवळ चित्रपटासाठी निर्माण झालेल्या एका गुंडाला मिळालेला हा मान संग्राहकांमध्ये आजही आवडीने सांगितला जातो. याच टॉय बिझने पुढे अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात एक विलक्षण खटला लढवला. आयात होणाऱ्या बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के जकात होती. बाहुली म्हणजे मानवाची प्रतिकृती अशी व्याख्या असल्याने ‘एक्स-मेन’ ही माणसे नव्हेत, असा कंपनीचा दावा होता. २००३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. एक्स-मेनच्या कथांचा गाभाच मुळी उत्परिवर्तितांना माणूस म्हणून वागवावे हा असल्यामुळे अनेक वाचकांना हा निकाल मनाला लागला, आणि ते लागणे रास्तच होते.

टॉय बिझने २००२ मध्ये सुरू केलेली ‘मार्व्हल लेजंड्स’ ही सहा इंची मालिका आजच्या संग्राहकांचा मुख्य आधार आहे. २००७ पासून ती हॅस्ब्रोकडे आहे. या मालिकेतील फिगरला साधारण तीसच्या आसपास सांधे असतात. लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘टायटन हिरो’ या मोठ्या आकाराच्या फिगर्सना मोजकेच सांधे असतात. त्यांचेही मल्टिपॅक निघतात, पण ते खेळून झिजवण्यासाठी असतात आणि संग्राहक त्यांच्या वाट्याला सहसा जात नाहीत. लेजंड्सने २००५ मध्ये गॅलॅक्टस या महाकाय पात्राचे अवयव वेगवेगळ्या फिगर्सच्या खोक्यांत वाटून दिले. सर्व फिगर्स घेतल्या तरच तो पूर्ण जोडता येई. अशा जोडून पूर्ण होणाऱ्या फिगरला ‘बिल्ड-अ-फिगर’ म्हणतात. ती संग्राहकाला महिनोन्‌महिने बांधून ठेवते, तर मल्टिपॅक एकाच व्यवहारात सारे हाती देतो, आणि प्रामाणिकपणात मल्टिपॅक उजवा आहे, कारण आत काय आहे आणि त्याचे मोल किती हे खोक्यावरच दिसते.

मल्टिपॅकची जुळवणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने ज्यात सोडतात तो पोलादी साचा हा फिगरच्या निर्मितीतील फार मोठा खर्च असतो आणि तो एकदाच करावा लागतो. त्यामुळे संचातील एक फिगर बहुधा जुन्या साच्यातून नव्या रंगात काढलेली असते. तिला ‘रिपेंट’ म्हणतात. तिच्यावर वाचलेला पैसा दुसऱ्या फिगरच्या नव्या डोक्यावर किंवा पोशाखावर खर्च करता येतो. दुय्यम पात्र सुटे विकायला ठेवले तर दुकानाच्या खुंटीवर पडून राहण्याची भीती असते, आणि अशा न खपणाऱ्या फिगरला व्यापारी ‘पेगवॉर्मर’ म्हणतात. लोकप्रिय नायकाच्या शेजारी बसवले की तेच पात्र खपून जाते.

हॅस्ब्रोने २०२१ मध्ये ‘इन्फिनिटी सागा’ या मालिकेत काढलेला ‘आयर्न मॅन ३’चा दोघांचा संच हे याचे चांगले उदाहरण आहे. खोक्यात एका बाजूला आयर्न मॅनचे सोनेरी ‘मार्क २१’ चिलखत आणि दुसऱ्या बाजूला त्या चिलखताचा मालक टोनी स्टार्क याचा सुरक्षाप्रमुख हॅपी होगन. चिलखत दिव्याखाली लखलखते आणि नजर आधी तिकडेच जाते; होगन कोट घालून उभा असलेला, किंचित स्थूल, साधा गृहस्थ आहे. तरीही जाणते संग्राहक हा संच होगनसाठीच घेतात. ही भूमिका करणारे जॉन फाव्रो हे २००८ च्या पहिल्या ‘आयर्न मॅन’चे दिग्दर्शक होत. विशेष असे, की मार्व्हलच्या आणखी एका संचात ‘थॉर: रॅग्नारॉक’मधील ग्रँडमास्टर आणि दगडी अंगाचा कोर्ग यांची जोडी होती, आणि कोर्गला आवाज देणारे टायका वायटिटी हे त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक आहेत. ज्यांनी ही सृष्टी उभी केली त्या दोघांनाही ‘मार्व्हल लेजंड्स’मध्ये प्रवेश मिळाला तो जोडखोक्यातून. कोर्ग पुढे २०२२ च्या ‘थॉर: लव्ह अँड थंडर’च्या मालिकेत जोडून पूर्ण करायची फिगर म्हणून परतला.

मुखवटा नसलेल्या अशा पात्रांच्या बाबतीत चेहऱ्याचे साम्य हेच सर्वस्व असते. पूर्वी डोळे आणि भुवया ठशांनी रंगवल्या जात आणि ठसा केसभर जरी सरकला तरी नट ओळखू येत नसे. २०१८ च्या सुमारास हॅस्ब्रोने चेहरा थेट छायाचित्रासारखा छापण्याचे तंत्र सर्रास वापरायला सुरुवात केली आणि कोटातल्या माणसांचे संच काढण्यात अर्थ उरला. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये टॉम हॉलंड, अँड्र्यू गारफिल्ड आणि टोबी मग्वायर असे तीन पिढ्यांचे स्पायडर-मॅन एकत्र आले आणि हॅस्ब्रोने त्या तिघांचा एकत्र संच काढला. येथे मल्टिपॅक हा काटकसरीचा मार्ग न राहता पडद्यावरील एका क्षणाची नोंद ठरतो, आणि त्या संचातील फिगर्स वेगळ्या करून विकणे अनेकांना जिवावर येते.

खोके उघडावे की तसेच राखावे, हा वाद सुट्या फिगरपेक्षा संचाच्या बाबतीत अधिक टोकदार होतो, कारण एका फिगरसाठी सील तोडले की बाकीच्याही ‘लूज’ म्हणजे उघड्या ठरतात आणि पुनर्विक्रीची किंमत उतरते. हॅस्ब्रोने प्लॅस्टिक कमी करण्याच्या धोरणातून खोक्यांच्या पारदर्शक खिडक्या काढून टाकल्या, तेव्हा संग्राहकांची अडचण झाली; चेहऱ्याची छपाई तिरकी आहे काय, दोन्ही पाय उजवेच तर बसवलेले नाहीत ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहता येईना. ग्राहकांच्या आग्रहामुळे २०२३ मध्ये खिडकी परत आणण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. पर्यावरणाची काळजी आवश्यकच आहे, परंतु तीन फिगर्सचे पैसे मोजणाऱ्याला त्या आधी पाहण्याचा हक्क असावा, हेही तितकेच खरे. खोके बंद ठेवल्याने वस्तू सुरक्षित राहते असेही नाही. मऊपणासाठी पीव्हीसीमध्ये मिसळलेली द्रव्ये काही वर्षांनी पृष्ठभागावर येतात आणि फिगर चिकट होते. उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत खोक्याचा पुठ्ठा प्रथम दगा देतो. सांधा आवळून बसला असेल तर तो जोराने न फिरवता काही क्षण गरम पाण्यात धरावा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ होऊन खुंटी तुटत नाही.

भारताचा या उद्योगाशी असलेला जुना धागा गोव्यातून जातो. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने आपल्या गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’च्या भारतीय आवृत्त्या काढल्या. साचे मूळचेच, पण रंग अनेकदा अगदी निराळे. परदेशांतील संग्राहक आज त्याच वेगळ्या रंगांसाठी या फिगर्स शोधत असतात. सुपरहिरोपटांचे संग्राहकांसाठीचे संच मात्र भारतीय खरेदीदाराला मुख्यतः आयातीवरच मिळवावे लागतात. खेळण्यांवरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन बंधनकारक झाले. बालकांच्या सुरक्षेसाठी प्रमाणन योग्यच आहे. परंतु प्रौढ संग्राहकाला त्याची झळ बसते, कारण शुल्क संपूर्ण खोक्याच्या किमतीवर लागते आणि नको असलेल्या फिगरवरही ते भरावे लागते. यावर संग्राहकांनी काढलेला उपाय म्हणजे एक संच दोघा-तिघांनी मिळून मागवायचा आणि आल्यावर फोडून ज्याची त्याने फिगर न्यायची. अशा वाटणीत नायकाचा भाव जास्त धरतात, आणि होगनसारखा गडी अनेकदा सर्वांत कमी पैशात, पण त्याची खरोखर वाट पाहणाऱ्याच्या घरी जातो.