विंचवाचे विष आणि चेतापेशींचे दरवाजे

दिघीत पाऊस तोंडावर आला की घरोघरी फाटी आत घ्यायची घाई होते. गडग्याचे दगड हलतात, पेंढा उपसला जातो आणि त्यात दडलेला लाल विंचू नांगी मारतो. आमच्या शेजारच्या एका मुलाला असाच विंचू चावला. तो फारसा रडला नाही, म्हणून साधाच असेल असे वाटले. कांदा चोळला, कोणी पढून दम केला. तासाभरात मुलगा घामाने चिंब, उलट्या सुरू, आणि हातपाय गारठलेले. “उकाड्याचा घाम आहे, पाणी पाजा,” असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. उकाड्याच्या घामात हातपाय असे गार पडत नाहीत, हे आम्हाला सुचलेच नाही.

वेदना कमी म्हणजे विष कमी, असे नसते. खरा घाला पडतो स्वायत्त चेतासंस्थेवर. घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आवळणे हे सारे आपल्याला न विचारता तीच चालवते.

चेतापेशीच्या आवरणात सूक्ष्म दरवाजे असतात. सोडियमचा दरवाजा उघडला, सोडियम आत शिरले, की पेशी संदेश पाठवते. पाठोपाठ पोटॅशियमचा दरवाजा उघडतो, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी निवते. पोटॅशियमचे काही दरवाजे तर पेशी स्वस्थ असतानाही थोडे किलकिले असतात, ऊठसूट संदेश सुटू नये म्हणून. लाल विंचवाचे विष दोन्हीकडून घात करते. सोडियमचे दरवाजे वेळेवर मिटू देत नाही आणि पोटॅशियमचे काही दरवाजे बुजवते. या दुसऱ्या कामाचे एक द्रव्य, आयबेरिओटॉक्सिन, याच विंचवाच्या विषातून वेगळे काढले गेले. त्याचा शोध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मग पेशी संदेशामागून संदेश सोडत राहतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय दमते, फुप्फुसांत पाणी भरते.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तसे लिहिले. ही गोळी बुजलेले दरवाजे उघडत नाही. आवळण्याचा हुकूम रक्तवाहिन्यांना ऐकू जाऊ देत नाही, एवढेच. पण तेवढ्यात जीव वाचतो. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवले, की जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी घरी मात्र देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून डॉक्टर रुग्णाला झोपवून ठेवतात. मुलाच्या अंगाला हात लावून पाहा: घाम आणि गार हातपाय एकत्र दिसले की गाडी काढा.

शेजारचा मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला. आता चप्पल झटकल्याशिवाय पायात घालत नाही, आणि आमचीही झटकून देतो.