गहू सोडण्याआधी रक्त तपासा

थायरॉईडचा रिपोर्ट हाती पडला की गोळीच्या आधी सल्ले सुरू होतात, आणि अलीकडे त्यातला सर्वांत ठाम सल्ला असतो गहू सोडण्याचा. वाशिम जिल्ह्यात तो लगेच पटतो. ज्वारीची भाकर इथे कुणाला शिकवावी लागत नाही. सोयाबीनने खरिपातली ज्वारी मागे ढकलली आणि ताटात पोळी वाढत गेली, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे ‘पूर्वीचं अन्न खा, थायरॉईड बरा होईल’ हे वाक्य इथे पुराव्याशिवायही खपते. गहू सोडायला माझा विरोध नाही. मात्र त्याआधी एक रक्ततपासणी व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत पोळी खात राहायला हवी.

आपल्याकडे ज्याला नुसते ‘थायरॉईड’ म्हणतात, तो बऱ्याचदा हाशिमोतोचा आजार असतो. 1912 साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉईड ग्रंथींचे वर्णन केले. त्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. शरीराची संरक्षणव्यवस्थाच या ग्रंथीवर उलटते, हे 1956 मध्ये रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडल्यावर उमगले. ग्रंथी हळूहळू थकते, तिला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, म्हणजे टीएसएच, चढतो, आणि थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, केसगळती मागे लागते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ भारतीय शहरांतल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत थायरॉईडची कमतरता आणि जवळपास 22 टक्क्यांत अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आढळली. आकडे शहरांचे आहेत, ते जसेच्या तसे मालेगाव-मानोऱ्याला लावता येणार नाहीत. पण आजार दुर्मीळ नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आता गव्हाकडे येऊ. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे काहींच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. हा सिलिअॅक आजार. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडला. हाही स्वतःवरच उलटणारा आजार, आणि असे आजार एकमेकांची सोबत करतात. अनेक अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये काढलेल्या हिशेबात, स्वप्रतिकार थायरॉईड असलेल्या साधारण 62 रुग्णांमागे एकाला सिलिअॅक निघाला. म्हणजे शंका पोकळ नाही, पण 61 जणांना तो नाही. भारतातल्या एका मोठ्या पाहणीत सिलिअॅकची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, तर दक्षिणेत फक्त 0.10 टक्के लोकांत दिसली. जनुकीय कल दोन्हीकडे बराचसा सारखा होता, खाण्यातला गहू मात्र उत्तरेत कित्येक पट होता. भाकरीकडून पोळीकडे सरकलेल्या विदर्भाने हा आकडा लक्षात ठेवावा.

‘पण गहू सोडल्यावर बरं वाटतं, त्याचं काय?’ बरे वाटते, हे खरेच असते. फक्त कारण ग्लुटेनच असेल असे नाही. नॉर्वेत 59 जणांवर झालेल्या, 2018 च्या प्रयोगात कोणत्या वडीत काय आहे हे न सांगता त्यांना खायला दिले. सिलिअॅक नसलेल्या या लोकांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टन या, गव्हात आणि कांदा-लसणातही असलेल्या, कर्बोदकाने जास्त पोटफुगी झाली. शिवाय गव्हाबरोबर बिस्किटे, टोस्ट, समोसेही सुटतात. ग्लुटेन बंद केल्यावर थायरॉईडची प्रतिपिंडे उतरल्याचे एका पोलिश अभ्यासात दिसले, पण गहू सोडणाऱ्या स्त्रिया 16 होत्या आणि काळ सहा महिन्यांचा. एवढ्यावर जन्माचे पथ्य लादता येत नाही.

‘सोडल्याने तोटा काय?’ हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ग्लुटेन पोटात जाणे थांबले की रक्तातली प्रतिपिंडे उतरतात आणि सिलिअॅक असूनही चाचणी निर्दोष दाखवते. मग खात्री करायला काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि त्रास झालेली व्यक्ती त्याला सहसा तयार होत नाही. दुसरा तोटा असा, की पथ्याच्या भरवशावर गोळी सुटते. ग्रंथी थकलेली असेल तर कुठलीही भाकर लेव्होथायरॉक्सिन या गोळीची जागा घेत नाही.

गोळी घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर आधी ती कशी घेतली जाते ते पाहावे. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. सोयाबीनही ही गोळी नीट शोषली जाऊ देत नाही. पिठात सोयाबीन मिसळणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. सोया वर्ज्य नाही, फक्त गोळीपासून लांब आणि रोज सारख्या प्रमाणात असावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा सगळा थकवा थायरॉईडच्या खात्यावर टाकू नये. मात्र लोह घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, थायरॉईडच्या गोळीची मात्रा सारखी वाढवावी लागत असेल किंवा जुलाब हटत नसतील, तर सिलिअॅकची शंका बळावते.

अशा वेळी डॉक्टरांना टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए या तपासण्यांबद्दल विचारा. टीटीजी सकारात्मक आली तर पोटविकारतज्ज्ञ बहुधा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासतात. निदान पक्के झाले की पथ्य आयुष्यभराचे आणि कडक. तेव्हा ज्वारी, तांदूळ, भगर आणि राजगिरा घरचेच असतात. अडचण येते ती रोडगे-पानग्यांच्या पंगतीत, मैदा मिसळलेल्या हिंगात आणि गिरणीत. गहू दळल्यावर त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात गहू उतरतोच, म्हणून अशा रुग्णाचे दळण वेगळ्या गिरणीवर किंवा घरच्या चक्कीवर काढावे.