प्रामाणिक चुकीची शिक्षा

अब्रुनुकसानीचा कोणताही जुना खटला वाचायला घेतला, की पूर्वी मी एकच प्रश्न विचारत असे : छापलेला मजकूर खरा होता की खोटा? कोल्हापूर प्रकरणाने हा प्रश्न अपुरा असल्याचे मला दाखवून दिले.

कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केला. आधार होता बर्व्यांच्या नावे असलेल्या पत्रांचा. ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले. पुढच्याच वर्षी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. पत्रे खोटी होती. काळजी खोटी नव्हती.

अशा चुकीचे काय करायचे, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील एका जाहिरातीत मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचे छापले होते, प्रत्यक्षात ती चार वेळा झाली होती. अशा चुकांवर बोट ठेवून माँटगोमेरीचे नगर-आयुक्त सुलिव्हन यांनी अलाबामात पाच लाख डॉलरची भरपाई मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लोकाधिकाऱ्याच्या कारभारावरील मजकूर खोटा असणे पुरेसे नाही. तो खोटा आहे हे ठाऊक असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे त्याने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालय म्हणाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये, तमिळ नियतकालिक ‘नक्कीरन’च्या संपादकांच्या खटल्यात, जवळपास हेच तत्त्व मांडले. लोकाधिकाऱ्याच्या कारभाराविषयी वाजवी पडताळणी करून छापले असेल, तर मजकूर चुकला तरी भरपाई द्यावी लागत नाही. पण हे संरक्षण दिवाणी दाव्यापुरते. अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. २०१६मध्ये न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचे ठरवले. कमाल शिक्षा दोन वर्षे.

म्हणून आता मी दुसरा प्रश्न विचारतो : छापण्यापूर्वी पडताळले होते का? या कसोटीवर टिळक-आगरकर आपोआप सुटले असते, असे मी म्हणणार नाही. पत्रे कशी पारखली, हे त्यांना सांगावे लागले असते. पण ते सांगण्याची संधी मिळणे आणि चूक झाली म्हणून थेट तुरुंगात जाणे, यांतच वृत्तपत्रस्वातंत्र्याचे सारे अंतर आहे.