भाव न विचारता सौदा करू नका!

मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारा गृहस्थ मोबाइलवर ऑप्शनचा सौदा करताना मात्र 'मिळेल त्या भावाने' असे सांगून मोकळा होतो. पुढे बाजाराचा अंदाज बरोबर ठरतो, तरी पैसे हाती लागत नाहीत. असे का झाले, हे कोडे त्यालाही उलगडत नाही आणि घरच्यांनाही.

समजा, एका शेअरच्या ऑप्शनचा शेवटचा सौदा ४८ रुपयांना झाला आहे. पडद्यावर ठळक दिसतो तो हाच आकडा. पण तो झालेल्या सौद्याचा, म्हणजे शिळा भाव. या घडीला विकणारा ५२ मागतो आहे आणि घेणारा ४४ देतो आहे. ५०० नगांचा एक लॉट 'मार्केट ऑर्डर'ने घेतला आणि लगेच विकला, तर बाजार तसूभरही न हलता ४,००० रुपये गेले. दलाली आणि कर वेगळेच!

यात कोणी फसवले असे नाही. एक्स्चेंजचा संगणक आधी उत्तम भाव पाहतो आणि भाव सारखाच असेल तर आधी आलेली ऑर्डर. गिऱ्हाईक थोडे असले की दोन भावांतील दरी रुंदावते. ऑगस्ट २०२१ मध्ये निफ्टीच्या एका कॉल ऑप्शनचा भाव क्षणभरात कित्येक पटींनी वर उडाला आणि आठशे रुपयांपलीकडे गेला. तोटा रोखण्यासाठी लावून ठेवलेल्या अनेकांच्या ऑर्डरी भलत्याच भावाने पार पडल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने ऑप्शनमधील, भावाची मर्यादा नसलेल्या 'स्टॉप लॉस' ऑर्डरी बंद केल्या.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, ऑर्डर नेहमी 'लिमिट'ची द्यावी. वरच्या उदाहरणात ४८ची ऑर्डर लावून थांबावे. गरज वाटली तर थोडे थोडे पुढे सरकावे. सौदा झाला नाही तर न होवो, खिसा तरी शाबूत राहतो. दुसरी गोष्ट, दोन भावांतील अंतर आधी मोजावे. ते अपेक्षित नफ्याच्या जवळपास जात असेल, तर त्या वाटेला जाऊच नये. तिसरी गोष्ट, ऑप्शनची मूळ किंमत ओळखावी. शेअर १,००० रुपयांवर असताना ९५०च्या कॉलला निदान ५० रुपयांची किंमत असते. तो कोणी ४२ला मागत असेल, तर घाईने देऊन टाकणे म्हणजे नगामागे ८ रुपये सोडणे. बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे आणि मुदत संपण्याचा दिवस, या वेळी अधिकच सावध राहावे.

चिठ्ठी जपून ठेवा

ओरडून सौदे होत त्या काळी दलाल स्वस्तात घेऊन गिऱ्हाइकाच्या नावे महाग भाव लावी. या मधल्या कमाईला 'गाळा' म्हणत. सौदा नेमका केव्हा झाला, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे सौदे पडद्यावर सुरू झाले आणि प्रत्येक सौद्याला क्रमांक व वेळ मिळाली. आज २४ तासांच्या आत येणाऱ्या काँट्रॅक्ट नोटवर हा तपशील असतो. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. तफावत आढळली तर आधी दलालाकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेकडे जावे. मात्र आपणच 'मिळेल त्या भावाने' म्हटले असेल, तर केवळ महाग पडले म्हणून पैसे परत मिळतील ही आशा धरू नये.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. भाव नीट पाहिल्याने प्रत्येकजण उरलेल्या ७ जणांत जाईल असे नाही. पण मुलांच्या फीसाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी ठेवलेला पैसा या बाजारात आणूच नये, एवढे शहाणपण ही आकडेवारी नक्कीच शिकवते. आणि ज्याला उतरायचेच आहे, त्याने निदान मंडईतली सवय तरी घरी ठेवून येऊ नये!