टीव्ही की प्रोजेक्टर? घरच्या पडद्याचे थोडे भौतिकशास्त्र

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना होता. तो घरी मोठ्या पडद्यावर पाहायचा म्हणून आदल्याच आठवड्यात आम्ही एक प्रोजेक्टर विकत आणला. दिवाणखान्याच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बसवली. शेजारची मुले जमली. दुपारी दोनला यंत्र सुरू केले, तर चादरीवर काही फिकट सावल्या हलताना दिसल्या, एवढेच. खिडक्यांचे पडदे ओढले, दारे लावली, तरी चेंडू दिसेना. आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने दोनदा विचारले, "खेळतंय कोण?" भारताची सगळी फलंदाजी आम्ही अशी नुसती ऐकली. मग अंधार पडला आणि चित्र झकास उमटले. पण तोवर ऑस्ट्रेलियाची फलंदाजी सुरू झाली होती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

पराभवाचे खापर प्रोजेक्टरवर फोडता येत नाही. चित्र न दिसण्याचे मात्र आमच्यावरच फोडायला हवे. प्रयोगशाळेत प्रकाश मोजण्यात ज्यांची वीस वर्षे गेली, त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचून वस्तू घ्यावी हे काही शोभणारे नव्हते. दुकानात जाण्याआधी दहा मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर पैसे वाचले असते. ते दहा मिनिटांचे गणित येथे मांडत आहोत. त्याला शालेय भूमिती आणि प्रकाशाची थोडी ओळख पुरते. वर्गातही ते करून पाहता येईल.

डोळा किती बारीक पाहतो?

एका कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मिलिमीटर मोकळी जागा सोडून, ओळीने काढा. कागद चांगल्या उजेडात भिंतीवर लावा आणि विद्यार्थ्यांना हळूहळू मागे जायला सांगा. एका ठिकाणी रेघा एकमेकींत मिसळून सगळा भाग करडा दिसू लागेल. दृष्टी ६/६ असेल तर हे अंतर साडेतीन मीटरच्या आसपास येते.

असे का होते? निरोगी डोळ्याला साधारणपणे १ मिनिट एवढ्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ मिनिट. १ मिलिमीटर लांबी सुमारे ३४०० मिलिमीटर अंतरावरून पाहिली, की ती डोळ्याशी नेमका एवढा कोन करते. ३४०० ही संख्या लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे गणित तिच्यावरच उभे आहे.

सहा, तीन आणि दीड

टीव्हीचे चित्र बिंदूंच्या आडव्या ओळींनी बनते. आपल्याकडील जुन्या पद्धतीत ६२५ ओळी होत्या आणि त्यांतल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र असे. चित्राच्या उंचीचे ५७६ भाग केले आणि एकेक भाग डोळ्याशी १ मिनिटाचा कोन करील एवढ्या अंतरावर आपण बसलो, तर ते अंतर ३४०० भागिले ५७६, म्हणजे चित्राच्या उंचीच्या सुमारे ६ पट येते. त्याहून जवळ गेले की ओळी सुट्या दिसू लागतात. "टीव्ही लांबून पाहा" हा त्या काळचा वडीलधाऱ्यांचा सल्ला या दृष्टीने अगदी बरोबर होता.

हेच गणित फुल एचडीच्या १०८० ओळींसाठी केले तर उत्तर सुमारे ३ पट येते. फोर-के या प्रकारात २१६० ओळी असतात, तेव्हा दीड पट. सहा, तीन, दीड एवढे तीन आकडे पाठ केले तरी पुरे.

यातून एक गोष्ट कळते, ती जाहिरातीत सहसा सापडत नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर अशा टीव्हीवर संशोधन सुरू केले. त्यामागचा हेतू जुन्याच अंतरावरून चित्र अधिक बारीक दिसावे असा नव्हता. ओळी न दिसता प्रेक्षकाला चित्राजवळ बसता यावे, म्हणजे चित्राने त्याच्या दृष्टीचा मोठा भाग व्यापावा, असा होता. उंचीच्या ६ पट अंतरावरून जुने चौकोनी चित्र आडवे सुमारे १३ अंशांचा कोन व्यापते. उंचीच्या ३ पट अंतरावरून १६ : ९ आकाराचे रुंद चित्र सुमारे ३३ अंश व्यापते. एचडीचा खरा लाभ हा आहे. जागा न बदलता आणि पडद्याचा आकार न वाढवता नुसत्या ओळी वाढवल्या, तर तो लाभ पदरात पडत नाही.

आता आपल्या खोलीकडे येऊ. १६ : ९ आकाराच्या पडद्याची उंची त्याच्या कर्णाच्या ०.४९ पट, म्हणजे जवळजवळ निम्मी असते. ४३ इंची संचाची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, ५५ इंचीची ६८ सेंटिमीटर. म्हणजे ४३ इंची फुल एचडी संचाचे बिंदू १.७ मीटरच्या पलीकडून सुटे दिसत नाहीत आणि ५५ इंचीचे २.२ मीटरच्या पलीकडून दिसत नाहीत. आमच्या घरी भिंतीपासून बैठक ३ मीटरवर आहे. तेथून पाहताना या दोन्ही आकारांत फुल एचडी आणि फोर-के यांच्यातला ओळींचा फरक निरोगी डोळ्यालाही जाणवणार नाही. मोठे संच आता बहुधा फोर-केच मिळतात, तेव्हा ते घेण्यात तोटा नाही. पण ४३२० ओळींच्या एट-के संचासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हेच गणित करून पाहावे. ६५ इंची एट-के संचाचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा तर त्याच्यापासून ६५ सेंटिमीटरवर बसावे लागेल!

उलट बाजूने पाहिले तर ३ मीटरवरून फुल एचडीचाही पूर्ण लाभ घ्यायला चित्राची उंची १ मीटरच्या जवळपास हवी, म्हणजे पडदा ७५ इंचांच्या पुढचा हवा. एवढा मोठा संच महाग पडतो. प्रोजेक्टरचा मोह होतो तो येथे. शंभर इंचांचे चित्र आणि किंमत मध्यम संचाएवढी, हा हिशेब आम्हीही केला होता. त्यात एक गोष्ट राहून गेली.

काळोख कोण आणणार?

प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकतो. काळोख टाकता येत नाही. चित्रातल्या फलंदाजाचे केस काळे दिसावेत म्हणून यंत्र एवढेच करू शकते, की त्या जागी प्रकाश टाकत नाही. मग तेथे उरते ती नुसती चादर आणि तिच्यावर पडलेला खोलीतला उजेड. म्हणून प्रोजेक्टर बंद असताना चादर जेवढी पांढरी दिसते, तेवढेच पांढरे आपल्या चित्रातले "काळे" असते. ही परीक्षा फुकट आहे आणि यंत्र विकत घेण्याआधी करता येते.

आकड्यांत पाहू. यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात. तो एका चौरस मीटरवर किती पडतो ते लक्समध्ये. शंभर इंची चित्राचे क्षेत्रफळ सुमारे २.७५ चौरस मीटर असते. सामन्यानंतरच्या सोमवारी आम्ही प्रयोगशाळेतला प्रकाशमापक घरी आणला. यंत्राने चादरीवर टाकलेला प्रकाश सरासरी ७० लक्स भरला. २.७५ ने गुणले तर १९० ल्यूमेनच्या आसपास. खोक्यावर मात्र हजारांतला आकडा होता आणि तो कसा मोजला याबद्दल एक अक्षर नव्हते. दुपारी पडदे ओढल्यावरही चादरीवर खोलीतला उजेड १५० लक्स होता.

म्हणजे दुपारी चित्रातले पांढरे ७० अधिक १५०, एकूण २२० लक्स आणि काळे १५० लक्स. दोहोंचे गुणोत्तर जेमतेम दीड. चेंडू दिसणार कसा? रात्री दिवे मालवल्यावर खोलीतला उजेड २ लक्स उरला. तेव्हा पांढरे ७२, काळे २ आणि गुणोत्तर ३६. यंत्र तेच, चादर तीच. बदलला तो फक्त खोलीतला उजेड. समजा, खरोखरच २५०० ल्यूमेनचा, बराच महाग प्रोजेक्टर आम्ही आणला असता. दुपारचे गुणोत्तर तरीही सातच्या आसपासच आले असते.

टीव्हीचे तसे नाही. बंद टीव्हीकडे पाहा, त्याचा पृष्ठभागच काळा असतो. तो खोलीतल्या उजेडाचा थोडासाच भाग परत फेकतो. तो भाग ३ टक्के धरला, तर १५० लक्स उजेडातही टीव्हीतले काळे हे जेमतेम ४.५ लक्स पडलेल्या पांढऱ्या चादरीएवढेच उजळ दिसेल. संचाचे पांढरे बेताचे धरले तरी ९०० लक्स पडलेल्या चादरीएवढे उजळ असते. पडद्यातून आतला थोडा प्रकाश झिरपतो तो हिशेबात घेऊनही गुणोत्तर दीडशेच्या पुढे जाते. कुठे दीड आणि कुठे दीडशे!

टीव्हीतले काळे

टीव्हीचेही सगळे काळे सारखे नसते. बाजारात ज्याला "एलईडी टीव्ही" म्हणतात तो मूळचा द्रवस्फटिकांचा, म्हणजे एलसीडी संच. मागे पांढऱ्या एलईडींचा उजेड असतो आणि पुढचे द्रवस्फटिक झडपांसारखे तो अडवतात किंवा सोडतात. झडप पूर्ण बंद होत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळे किंचित करडे दिसते. "क्यूएलईडी" हाही एलसीडीच, फक्त रंग अधिक शुद्ध यावेत म्हणून त्यात क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण वापरतात. या कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. "ओएलईडी" मात्र वेगळ्या जातीचा. त्यातला प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि काळे दाखवायचे तेव्हा चक्क विझतो. अंधारात सिनेमा पाहणाऱ्याला याचे मोल आहे. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून बातम्या पाहणाऱ्याला तेवढे नाही. त्याच्या चित्रातले काळे खोलीचा उजेडच ठरवतो.

खोक्यावरचे शब्द

प्रोजेक्टरच्या बाबतीत दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ल्यूमेन कसे मोजले? मान्य पद्धतीत चित्राचे नऊ सारखे भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजतात, सरासरी काढतात आणि तिला क्षेत्रफळाने गुणतात. या मापाला "अ‍ॅन्सी ल्यूमेन" किंवा "आयएसओ ल्यूमेन" म्हणतात. नुसते "ल्यूमेन" लिहिले असेल तर सावध राहावे. दुसरा प्रश्न, यंत्राचे स्वतःचे बिंदू किती? "फुल एचडी सपोर्ट" याचा अर्थ यंत्र तसे चित्र आत घेते, एवढाच. बाहेर टाकताना ते बिंदू कमी करून टाकत असेल. "नेटिव्ह" या शब्दापुढचा आकडा तेवढा खरा मानावा.

आणखी एक गोष्ट दोहोंना लागू आहे. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. इंटरनेटवरून असे चित्र बहुधा ५० लाख बिटांच्या आसपास दाबून पाठवतात, म्हणजे मूळच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शात. तेव्हा घरात येणारे चित्रच जुन्या ५७६ ओळींचे किंवा फार दाबलेले असेल, तर पडद्याचे बिंदू वाढवून हरवलेला तपशील परत येत नाही.

मग घ्यावे काय?

पहिल्यांदा खोलीला विचारावे : पाहायचे केव्हा, किती उजेडात आणि किती अंतरावरून? दिवसा, दिवे चालू ठेवून, घरातली माणसे ये-जा करत असताना पाहायचे असेल तर टीव्ही घ्यावा. रात्री, पक्का अंधार करून, पाचदहा जणांनी मिळून सिनेमा पाहायचा असेल तर प्रोजेक्टरसारखी दुसरी मौज नाही. त्यासाठी अफाट ल्यूमेनही लागत नाहीत. चित्रपटगृहातल्या पडद्याच्या मान्य उजळपणासाठी चादरीवर सुमारे १५० लक्स पुरतात. शंभर इंची चित्राला त्याचे होतात ४१५ ल्यूमेन, मात्र ते खरे हवेत आणि काळोखही खरा हवा.

त्यानंतर पाहणाऱ्याच्या डोळ्याला विचारावे. आमच्या आईची दृष्टी ६/१२ आहे. इतरांना १ मिनिटाचा कोन पुरतो, तेथे तिला २ मिनिटांचा लागतो. ३ मीटरवरून ५५ इंची पडद्यावर तिला सुमारे ३९० ओळींहून अधिक तपशील वेगळा दिसणारच नाही, मग संचात त्या १०८० असोत की २१६०. शिवाय वय वाढते तशी बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर होते आणि आत पोचणारा प्रकाश घटतो. तिच्यासाठी ओळी वाढवून उपयोग नव्हता. चित्र मोठे हवे होते आणि पांढऱ्या-काळ्यातला भेद ठसठशीत हवा होता.

हे गणित उशिरा का होईना केले आणि आम्ही साधा ५५ इंची एलसीडी संच घेतला. खिडकीचे प्रतिबिंब त्यात पडू नये म्हणून तो खिडकीसमोरच्या भिंतीऐवजी बाजूच्या भिंतीवर लावला. आता आई "खेळतंय कोण?" असे विचारत नाही, कोण कसे खेळते आहे ते आम्हालाच सांगते. प्रोजेक्टर आम्ही जवळच्या एका शाळेला देऊन टाकला. तेथील शिक्षक आकाशदर्शनाच्या रात्री मुलांना त्यावर ग्रहांची चित्रे दाखवतात. तेथे काळोखाला पैसे पडत नाहीत.