कोलंबोचा आवाज, माताऱ्याची बॅट

रेडिओ सिलोन म्हटलं की आपल्याला बिनाका गीतमाला आठवते. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना लगाम घातला आणि भारतीय श्रोत्यानं १९५०च्या दशकात काटा कोलंबोकडे फिरवला. त्याच कोलंबोनं रेडिओवरून श्रीलंकेत क्रिकेट कसं रुजवलं, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

तिथलं प्रसारण १९२५ साली सुरू झालं. तार खात्यातल्या एडवर्ड हार्पर यांनी सुरुवातीचा प्रक्षेपक जप्त केलेल्या जर्मन पाणबुडीच्या सामानातून जोडला होता. क्रिकेट त्याच्याही आधीचं, पण ते होतं इंग्रजी शाळांचं. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि आता माउंट लॅव्हिनियाला असलेलं सेंट थॉमस यांच्यातली ‘बिग मॅच’ १८८०च्या सुमारास सुरू झाली आणि महायुद्धांतही थांबली नाही. मार्चमध्ये शहर या सामन्यासाठी वेडं होतं. पोरं शाळेचे झेंडे घेऊन सायकलींवरून मिरवणूक काढतात, माजी विद्यार्थी परदेशातून येऊन आपापल्या मांडवात बसतात. तुताऱ्या आणि ढोल घेतलेलं ‘पापरे’ पथक तर चेंडू पडो न पडो, वाजतच राहतं. खेळाडू शाळकरी असतात, पण मैदान भरलेलं असतं.

हा खेळ इंग्रजी शाळांच्या कुंपणाबाहेर गेला, त्यात रेडिओवरच्या सिंहली समालोचनाचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. पालिता परेरा, प्रेमसर एपासिंघे या पहिल्या पिढीतल्या समालोचकांनी धावफलक सिंहलीतून घराघरांत पोचवला. ज्याला इंग्रजीचा गंध नाही अशा माणसालाही सामना आपला वाटू लागला. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी मराठीत हेच काम केलं.

१९८२चा फेब्रुवारी तर या देशासाठी विलक्षणच. १५ तारखेला ‘रूपवाहिनी’ ही राष्ट्रीय दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि १७ तारखेला कोलंबोच्या पी. सारा ओव्हलवर श्रीलंका आपली पहिली कसोटी इंग्लंडविरुद्ध खेळायला उतरली. आनंद कॉलेजात शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या अर्जुन रणतुंगानं अर्धशतक ठोकलं. सामना गेला, पण चौदा वर्षांनी लाहोरात विश्वचषक उचलला तो याच अर्जुननं. त्या स्पर्धेत मालिकावीर ठरला सनथ जयसूर्या, राजधानीपासून दूर दक्षिण किनाऱ्यावरच्या मातारा गावचा. अंतिम सामन्यात अरविंद डिसिल्वानं तीन बळी घेतले आणि नाबाद १०७ धावा केल्या.

आता श्रीलंकेच्या सामन्यांचे हक्क भारतीय वाहिन्या विकत घेतात, मोठा पैसा इथूनच जातो. शाळांची बिग मॅच मात्र तिथे आजही थेट दाखवली जाते. आपल्याकडे १९८८च्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी यांनी केलेल्या ६६४ धावांच्या भागीदारीचं चित्रीकरण आज पाहायला मिळत नाही. निदान यापुढे तरी हॅरिस आणि गाइल्स शिल्डचे अंतिम सामने मराठी समालोचनासह थेट दाखवावेत. मुंबईतल्या शाळांनी, क्रिकेट संघटनेनं आणि वाहिन्यांनी हे मनावर घ्यावं.