जुनी जीप सकाळी सुरू होत नाही? आधी धूर पाहा!

'महिंद्रा एमएम ५४०'सारख्या जुन्या फोर व्हील ड्राइव्ह डिझेल जीपचा स्टार्टर जोमात फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. लगेच पंप खोलायला देऊ नका, ते काम महागात पडते. आधी सायलेन्सर पाहा. स्टार्टर मारताना पांढरा धूर येतोय? म्हणजे डिझेल पोहोचतेय, जळत नाही. हीटर प्लग तपासा. धूरच नाही? मग बहुधा लाइनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले, तर टाकीकडून येणारा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा बदला. या पाइपातून डिझेल खेचले जाते. त्यामुळे बारीक चीर असली तरी बाहेर थेंबही दिसत नाही, हवा मात्र आत जाते. भलेभले मेकॅनिक इथेच चकतात.